सांध्यातले पहारेकरी



मी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. माझे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले. मग मज्जातंतूंवर बोलण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की आमच्या युनियनमधल्या एका हमालाचा गुडघा दुखत होता. क्ष-किरणांचा फोटो निघाला, हाडे ठाकठीक. कागदावर शेरा पडला, ‘सोंग करतो.’ तो शेरा माझ्या मनाला लागला आणि मी पुस्तके धुंडाळू लागलो.

१९६७ साली फ्रीमन आणि वाईक या दोघा संशोधकांनी मांजराच्या गुडघ्याचा सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. मज्जातंतूंची टोके त्यांना चार प्रकारची आढळली. पहिली सांध्याच्या पिशवीच्या बाहेरच्या थरात, पातळ वेष्टनाची, घोसाने लागलेली. थोडा ताण पडला की ती बोलतात आणि ताण असेपर्यंत बोलत राहतात. दुसरी आतल्या थरात, लांबट, कांद्यासारख्या पापुद्र्यांची. हालचाल सुरू होताच ही खबर देतात आणि क्षणात गप्प होतात. तिसरी सर्वांत मोठी, तरी लांबी जेमतेम ०.६ मिलिमीटर. ती अस्थिबंधांत असतात आणि ताण फार वाढला तरच जागी होतात. चौथ्यांना वेष्टनच नाही; उघड्या धाग्यांचे जाळे. वेदनेची वार्ता नेणारी हीच. गुळगुळीत कूर्चेत मात्र एकही टोक नाही. ती झिजली तरी स्वतः ओरडत नाही.

पुढे १९८० नंतर जर्मनीत शायबल आणि श्मिट यांनी मांजरांवरच प्रयोग केले. निरोगी सांध्यात नेहमीच्या हालचालीला काहीच उत्तर न देणारे तंतू त्यांना आढळले. सांधा सुजला, की हेच मुके तंतू साध्या हालचालीनेही बोलू लागतात.

मांजराचा गुडघा म्हणजे माणसाचा नव्हे, हे खरे. परंतु याच जातीची टोके माणसाच्या सांध्यांतही सापडली आहेत. प्रत्येक तक्रार खरीच असते, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच, की त्या फोटोत हाड दिसते, हे धागे दिसत नाहीत. तेव्हा फोटोत दिसत नाही म्हणून दुखतच नाही, असा निकाल देणे हे शास्त्र नव्हे आणि न्यायही नव्हे.