कुलूप कुणाचं, किल्ली कुणाकडे?

(मीरा रोड येथे कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर दोघी-तिघींनी मला चहाच्या वेळी विचारलं, हे आपलं काम आहे का? आपण केस ऐकायच्या, पोलीस ठाण्यात बसायचं, कोर्टाच्या तारखा सांभाळायच्या. सर्व्हर भाड्याने घेणं वगैरे हे कॉम्प्युटरवाल्या पोरांचं. मीही समाजकार्याचीच पदवीधर आहे, माझं शिक्षण कॉम्प्युटरचं नाही. पण आपल्याकडे येणाऱ्या बाईची सगळी कागदपत्रं आज कार्यकर्तीच्या मोबाइलमध्ये असतात. तिचा अर्ज, मारहाणीचे फोटो, ती सध्या कुठे राहते तो पत्ता. हा मोबाइल आपण स्टेशनावरच्या फुकटच्या वायफायला जोडतो, वकिलाच्या ऑफिसात जोडतो, कधी त्या बाईच्याच सासरच्या घरी जोडतो. तेव्हा कुठल्या तारेतून काय जातं आणि मधे कोण उभं असतं, हे समजून घेणं आपलंच काम झालं.

जुनी गोष्ट आठवा. घरात फोन असायचा आणि त्याच्या डायलला बारकंसं कुलूप असायचं. किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला नाहीतर नवऱ्याच्या खिशात. मग बाई काय करायची? भाजी आणायला जाते म्हणून निघायची आणि नाक्यावरच्या पीसीओवरून माहेरी फोन लावायची. घरच्या बिलात तो फोन येत नसे. पलीकडे नंबर दिसलाच तर बूथचा दिसे. व्हीपीएन म्हणजे साधारण हेच. तुमच्या मोबाइलपासून दूरच्या एका कॉम्प्युटरपर्यंत बंद बोगदा तयार होतो. आत जे जातं ते कुलूपबंद. त्या दूरच्या कॉम्प्युटरवरून पुढे ते इंटरनेटवर बाहेर पडतं, आणि समोरच्या साइटला पत्ता दिसतो तो त्या कॉम्प्युटरचा.

मग आज, बोगदा नसताना, मधल्या माणसाला काय दिसतं? सगळं दिसतं असं नाही. बहुतेक साइटींचा मजकूर आता आधीच कुलूपबंद असतो, त्यामुळे तुम्ही पत्रात काय लिहिलंत ते वाचता येत नाही. पण लिफाफ्यावरचं नाव दिसतं. कुठली साइट, किती वाजता, किती वेळ. रात्री अकरा वाजता एका घरातून घटस्फोटाच्या वकिलाची किंवा गर्भपाताच्या दवाखान्याची साइट उघडली गेली, एवढं कळणं एखाद्या घरात पुरेसं असतं. आपल्या मीरा-भाईंदरमध्ये कितीतरी इमारतींत इंटरनेट केबलवाल्याकडूनच येतं. तार टाकणारा पोरगा सगळ्या मजल्यांवर ओळखीचा, राउटरचा पासवर्ड त्यानेच ठेवलेला, आणि बिल्डिंगमधले पुरुष त्याचे मित्र. तो वाईटच असेल असं मी म्हणत नाही. पण आपल्या बायकांची सुरक्षितता त्याच्या चांगुलपणावर का सोडायची?

लपवण्यासारखं काय आहे, असं पोलीस विचारतात, आपलीही माणसं विचारतात. मीरा रोडला हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो, त्याला कारण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या कर खात्यातून बोलतो असं सांगून तिकडच्या लोकांना इथून इंटरनेटवरून फोन जात होते. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं गेलं. त्यात पहिल्या नोकरीसाठी आलेली कितीतरी मुलं होती. तेव्हापासून इथे कुणी खरा पत्ता झाकतं म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. म्हणून स्पष्ट सांगते, देशभर लागू असा व्हीपीएनबंदीचा कायदा आपल्याकडे नाही. जम्मू-काश्मीरमध्ये मात्र २०२० साली व्हीपीएनवरून समाजमाध्यमं वापरणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले गेले. म्हणजे कुठल्या भागात कुठला आदेश चालू आहे, हे बघून वागावं लागतं.

खासगीपणाबद्दल आपल्या चळवळीच्या मनात एक अढी आहे, आणि ती बरोबर आहे. हा आमच्या घरातला खासगी मामला आहे, हे वाक्य आपण पोलीस ठाण्यात हजारदा ऐकलंय, नवऱ्याच्याही आणि हवालदाराच्याही तोंडून. मग आता आपणच खासगीपणाचा हक्क मागायचा? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या निकालपत्राने स्त्रीवाद्यांच्या या आक्षेपाची दखल घेतली आहे. घराचा खासगीपणा वेगळा, घरातल्या बाईचा खासगीपणा वेगळा. आपण मागतो आहोत तो दुसरा.

आता, बोगदा कुणाचा घ्यायचा? फुकटचे ॲप ढिगाने मिळतात. त्यांच्यापासून लांब राहा. फेसबुकने ओनावो नावाची कंपनी विकत घेतली होती. तिचं व्हीपीएन ॲप तुमचं संरक्षण करतो म्हणायचं आणि लोक कुठली ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुकला पुरवायचं. ॲपलने २०१८ मध्ये ते आपल्या दुकानातून काढायला लावलं, पुढच्या वर्षी ते बंदच झालं. बोगदा बांधणाऱ्याला बोगद्याच्या तोंडाशी उभं राहता येतं, एवढं त्यातून घ्या. पैसे घेणाऱ्या कंपन्या बऱ्या, पण विश्वास तिथेही ठेवावाच लागतो.

तिसरा मार्ग म्हणजे आपणच एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि त्यावर आपला बोगदा उभा करायचा. सर्वांत लहान सर्व्हर आपल्याला पुरतो. महिन्याला साधारण पाचशे रुपये धरा, वर कर. एवढ्यात दहा-पंधरा कार्यकर्त्यांचं काम आरामात चालतं.

पण इथे एक गैरसमज आत्ताच काढून टाकते. आपला सर्व्हर घेतला म्हणजे आपण अदृश्य झालो, असं नाही. पुन्हा पीसीओकडे या. नाक्यावरच्या बूथवरून शंभर माणसं फोन करतात, म्हणून कुणी केला ते कळत नाही. तुम्ही तुमच्या नावाने एक बूथ घेतलात आणि फक्त तुमच्याच गटाच्या बायका तिथून फोन करतात, तर बूथचा नंबर म्हणजे तुमचाच नंबर. शिवाय २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने निर्देश काढले. व्हीपीएन देणाऱ्या आणि सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाचं खरं नाव, पत्ता, फोन, दिलेला आयपी पत्ता आणि सेवा कशासाठी घेतली ते कारण, हे सगळं ग्राहक सोडून गेल्यावरही पाच वर्षं जपून ठेवायचं. मुदत वाढून हे २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालं. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन या कंपन्यांनी त्यावरून भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. सरकारने खुलासा केला की संस्थांच्या अंतर्गत व्हीपीएनला हे लागू नाही. म्हणून आपला बोगदा आपल्या कार्यकर्त्यांपुरताच ठेवायचा. वस्तीतल्या सगळ्यांना वाटत सुटलो तर आपणच सेवा देणारे ठरू, आणि उद्या कुणाच्या पोराने त्यावरून काही उद्योग केला तर नोटीस सर्व्हर ज्या बाईच्या नावावर आहे तिच्या दारात येईल.

खोटं नाव देऊन सर्व्हर घेऊ नका. आपल्याला कोर्टापासून लपायचं नाहीये, कोर्टात तर आपण रोज जातो. आपल्याला केबलवाला, कॅफेवाला, नगरसेवकाच्या ऑफिसातला वायफाय आणि केसमधला तो पुरुष, यांना वाटेतून बाजूला करायचंय. तेवढं काम हा बोगदा चोख करतो.

सर्व्हर मुंबईतला घ्यावा असं माझं मत. जवळ असल्याने वेग चांगला मिळतो, आणि परदेशी पत्त्यावरून आपल्या काही सरकारी साइटी उघडतच नाहीत. बांधणी कशी करायची ते दुपारी करूनच बघू, आत्ता अडणाऱ्या जागा सांगते. सर्व्हरवर डेबियन किंवा उबुंटू घ्यायचं. आत शिरायला पासवर्ड नको, किल्लीची फाइल वापरायची आणि पासवर्डचं दार बंद करून टाकायचं, कारण नवा सर्व्हर चालू झाला की अनोळखी यंत्रं काही वेळातच दार ठोठवायला लागतात. मग वायरगार्ड बसवायचं. जेसन डोनेनफेल्ड या गृहस्थाने ते लिहिलं, २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आलंय. फुकट आहे आणि आटोपशीर आहे. प्रत्येक मोबाइलला किल्ल्यांची एक जोडी. एक खासगी, ती त्या मोबाइलच्या बाहेर जात नाही. दुसरी जाहीर, ती सर्व्हरवर लिहून ठेवायची. एका बाईचे दोन मोबाइल असतील तर दोन जोड्या. आणि तयार फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, समोर बसून क्यूआर कोड स्कॅन करायचा.

जोडणी होतच नसेल तर बहुधा ५१८२० क्रमांकाचं यूडीपी दार बंद असतं. ते सर्व्हरवर उघडलं तरी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलवर वेगळं उघडावं लागतं, आणि बहुतेक जणी तिथेच अडकतात. जोडणी झाली पण काहीच उघडत नाही, तर सर्व्हरला पुढे पाठवायची परवानगी द्यायची राहिली. तिसरी गोष्ट फसवी आहे, कारण सगळं चालतंय असं दिसतं. जिओसारख्या नेटवर्कवर मोबाइलला जुना आणि नवा असे दोन प्रकारचे आयपी पत्ते मिळतात. फाइलमध्ये फक्त जुना प्रकार बोगद्यातून नेलात तर नव्या प्रकारची वाहतूक बोगद्याबाहेरून, उघड्यावरून जाते. दोन्ही लिहायचे. साइटींची नावं शोधणारा डीएनएसही बोगद्यातलाच द्यायचा. शेवटी अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये व्हीपीएन कायम चालू ठेवा आणि त्याशिवाय जोडणी नको, या दोन्ही खुणा करायच्या. नाहीतर बोगदा तुटला की मोबाइल गुपचूप उघड्या रस्त्याला लागतो.

आता मला ज्यावर खरं बोलायचंय ते. वायरगार्ड आपणहून नोंदवही ठेवत नाही. पण सर्व्हरवर एक छोटी आज्ञा दिली की प्रत्येक किल्ली शेवटची कधी जोडली गेली आणि कुठल्या पत्त्यावरून, ते समोर येतं. म्हणजे सर्व्हर सांभाळणारीला कळतं की अमकी कार्यकर्ती रात्री दोन वाजता जागी होती आणि ती घरच्या वायफायवर नव्हती. सासऱ्यांच्या जानव्यातली किल्ली आता आपल्यातल्या एकीच्या हातात आली. आपल्या संघटनांमध्ये कोण कुणावर लक्ष ठेवतं, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? तेव्हा सर्व्हर घेण्याआधी बैठकीत ठरवा. किल्ली दोघींकडे हवी, एकीकडे नको. त्या दोघी ठरावीक काळाने बदलाव्यात. कुणी गट सोडला किंवा कुणाचा मोबाइल हरवला, हिसकावला गेला, तर तिची ओळ त्याच दिवशी खोडायची. आणि ज्या भाच्याने, मित्राने, कुणाच्या नवऱ्याने प्रेमाने सगळं लावून दिलं, त्याची किल्लीही आभार मानून काढून घ्यायची. याचा राग येतो माणसांना. येऊ द्या.

आणि हे पीडित बाईच्या मोबाइलवर घालायचं का? माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असं आहे. व्हीपीएन चालू असला की अँड्रॉइडच्या पडद्यावर वर किल्लीचं चिन्ह दिसतं. नवरा रोज रात्री मोबाइल तपासतो अशा घरात ते चिन्ह म्हणजे मार खाण्याचं नवं निमित्त. शिवाय ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याच्यापुढे बोगदा काहीच करत नाही. तो स्क्रीन बघतो. त्याने तिचं व्हॉट्सॲप आपल्या लॅपटॉपला जोडून ठेवलेलं असतं, तिचं गुगल खातं त्यानेच उघडून दिलेलं असतं, त्यावरून ती कुठे आहे ते त्याला घरबसल्या कळतं. निवारागृहात आलेल्या बाईच्या बाबतीत आधी ही खाती बघा. तीही तिला विचारून, आणि ती सुरक्षित जागी पोचल्यावर. घरी असताना अचानक सगळं तोडलं तर त्याला संशय येतो. पुरावा म्हणून आधी पडद्याचे फोटो काढून ठेवा, दुसऱ्या मोबाइलने.

पुरावा कशाचा? बाई इंटरनेट, ईमेल कसं वापरते यावर पुरुषाने नजर ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ च्या दुरुस्तीने तो भारतीय दंडविधानात ३५४-ड म्हणून आला, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कलमात अपवाद दिले आहेत, पण नवरा हा त्यातला अपवाद नाही. ठाण्यात तुम्हाला सांगतील, नवऱ्याने बायकोचा मोबाइल बघितला त्यात काय झालं. तेव्हा कलमाची छापील प्रत पुढे ठेवायची आणि अपवाद दाखवा म्हणायचं.

२०१२ साली इथून जवळच, पालघरला, फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन मुलींना अटक झाली. त्याच प्रकरणानंतर सुरू झालेल्या खटल्यात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६६-अ कलम रद्द केलं. त्या मुलींना व्हीपीएनचा उपयोग झाला असता का, असं मला एकीने मघाशी विचारलं. नसता झाला. त्या स्वतःच्या नावाने बोलल्या होत्या. त्यांना उपयोग झाला तो कायद्याच्या लढाईचा.

तर जेवणानंतर दोघी-दोघींनी एका लॅपटॉपवर बसायचं. एकीने टाइप करायचं, दुसरीने प्रत्येक पायरी वहीत लिहायची, मग अदलाबदल. सर्व्हरचं भाडं कुणाच्या कार्डावरून जाणार आणि ते कार्ड बंद पडलं तर कोण भरणार, हे आधी लिहा, वहीच्या पहिल्या पानावर. बाहेर कुणाचे मुलगे न्यायला आले असतील तर त्यांना चहा द्या. कीबोर्डला हात लावू देऊ नका.