पोरं आपल्या हवाली असतात



आम्ही चौथी शिकलेलो. शास्त्र सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. नीरा स्नानाच्या दिवशी आम्हीच एका १४ वर्षांच्या सेवेकरी पोराला म्हणालो, "बाळा, दोन कळशा पाणी आण." मोठ्यांनी सांगितलं म्हणून पोरगं गेलं. पाय घसरला. काठावरच्या एका माउलीनं केसाला धरून ओढलं म्हणून वाचलं. गावी आल्यावर त्याच्या आईपुढं आमची मान वर होईना. तिनं पोराचा हात आमच्या हातात दिला होता, आणि आम्ही "माउली सांभाळील" म्हणून मोकळे झालो होतो.

तेव्हापासून दिंडीत नेम केला. पाण्याला पोर एकटं जायचं नाही. सोबत पोहणारा मोठा माणूस पाहिजे. दिवेघाटात ट्रकच्या टपावर, फाळक्यावर कुणी बसायचं नाही. रात्री ट्रकखाली झोपायचं नाही, आणि पहाटे गाडी हलवण्याआधी ड्रायव्हरनं खाली वाकून बघायचं. पोरांच्या राहुटीजवळ दोन जाणती माणसं पाहिजेत. एकट्या पोराला कुणी आडबाजूला न्यायचं नाही, मग तो आमच्यासारखा कीर्तनकार का असेना.

आणि पोरगं काही सांगायला आलं, तर "दिंडीचं नाव जाईल" म्हणून त्याला गप्प करू नका. १०९८ ला फोन लावा, पोलिसांत जा. वारीत आपण लहानथोर एकमेकांच्या पाया पडतो. ज्याच्या पाया पडलो, त्याचं ऐकून घेणंही आलंच.

रामकृष्ण हरी!