बंदुकीची हौस आणि परवान्याचे राजकारण

(गांधीबाग, नागपूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बंदुका जमवणे आणि नेमबाजी करणे हा छंद आपल्या चर्चेचा विषय कसा होऊ शकतो, असे आपल्यापैकी काहींनी विचारले. कापसाचा भाव सोडून चार श्रीमंतांच्या हौसेकडे का वळायचे? माझे म्हणणे असे की, एखादी हौस कोणाला परवडते आणि तीच गोष्ट केल्याबद्दल कोणाला तुरुंगात जावे लागते, यावरून समाजाची घडण जितकी उघडी पडते तितकी ती जाहीरनाम्यांतून पडत नाही. शिवाय या प्रश्नाशी नागपूरचे नाते जुने आहे.

लॉर्ड लिटनच्या राजवटीत 1878 साली शस्त्रकायदा झाला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. साहेबाची बंदूक हा छंद आणि आपली बंदूक हा गुन्हा, असा हा न्याय होता. त्याविरुद्ध 1927 साली याच शहरात मंचेरशा आवारी यांनी सत्याग्रह उभारला. ‘जनरल’ आवारी म्हणून ओळखला जाणारा हा पारशी गृहस्थ आणि त्याचे सहकारी तलवारी घेऊन रस्त्यावर उतरले आणि तुरुंगात गेले. गांधीजींनी या लढ्याला पाठिंबा दिला नाही. हाती शस्त्र घेऊन सत्याग्रह होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. मात्र संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या अत्यंत काळ्या कृत्यांपैकी एक आहे, हे गांधीजींचेही मत होते. मतभेद साधनाबद्दल होता, अन्यायाबद्दल नव्हता.

म्हणूनच 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. डिसेंबर 1948 मध्ये घटनासमितीत हरि विष्णू कामथ यांनी त्या ठरावाची आठवण देऊन हा हक्क राज्यघटनेत यावा म्हणून उपसूचना मांडली. कामथ आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले; पुढे प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार झाले. डॉ. आंबेडकरांनी उपसूचनेला विरोध केला. असा हक्क एकदा मूलभूत ठरला की तो गुन्हेगारालाही नाकारता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. उपसूचना फेटाळली गेली आणि एकोणिसाव्या कलमात नागरिकांना शांततेने व शस्त्राविना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य मिळाले. कामथांबद्दल मला आदर आहे. पण या वादात आंबेडकर बरोबर होते. अमेरिकेने 1791 मध्ये हा हक्क घटनेत घातला. तिथे शाळाशाळांतून मुले मारली जातात आणि तरीही कायदा हलत नाही.

स्वतंत्र भारताने 1959 साली नवा शस्त्रकायदा केला. परवान्यातला वर्णभेद गेलाच होता. वर्गभेद मात्र राहिला. केंद्रीय गृहखात्याच्या आकड्यांप्रमाणे 2016 अखेर देशात 33.69 लाख शस्त्रपरवाने होते, त्यांपैकी 12.77 लाख एकट्या उत्तर प्रदेशात. तिथले लोक अधिक छंदिष्ट आहेत म्हणून नव्हे. खांद्यावरची बंदूक ही तिथे जमिनीची आणि जातीची निशाणी आहे. आपल्याकडे परवाने त्या मानाने फार थोडे. पण वाढदिवसाचा केक तलवारीने कापून त्याचे फोटो मिरवणारी पोरे नागपुरात पोलिसांना वरचेवर पकडावी लागतात. या मुलांना हसू नका. प्रतिष्ठा म्हणजे काय, हे त्यांना वरच्या थरानेच शिकवले आहे. सरकारच्या कानपूरच्या कारखान्याने 2014 साली खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. किंमत सुमारे 1 लाख 22 हजार रुपये! या गांधीबागेतल्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीने ही निर्भयता कोणत्या पगारातून विकत घ्यायची?

आता शिकारीकडे पाहा. विदर्भाच्या जंगलात साहेब आणि संस्थानिक वाघ मारत, तेव्हा हाकारे घालायला गोंड आणि कोरकू नेले जात. फासेपारधी मात्र पोटासाठी तितर-लाव्हे फाशात धरी. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या याद्यांत पुढे पारध्यांचेही नाव आले. तो कायदा 1952 साली रद्द झाला. पोलिसांच्या मनातून तो अजून गेलेला नाही. शिकारीच्या शौकाला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आली, ते योग्यच झाले. परंतु 2018 मध्ये पांढरकवड्याकडे टी-1 वाघिणीसाठी वनखात्याने खाजगी शिकारी बोलावले. गावकऱ्यांची भीती खरी होती, ती मी नाकारत नाही. मात्र सरकारजवळच पुरेशी प्रशिक्षित माणसे असती, तर हौशी नेमबाजांच्या दारी जाण्याची वेळ आली नसती. आणि रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याचे काय? पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद 1959 च्या कायद्यातच आहे. तो मागायला गेलेला कोरडवाहू शेतकरी किती हेलपाटे घालतो आणि बंगलेवाला किती, याचा हिशेब आपल्या तालुक्यात कोणी तरी मांडला पाहिजे.

नेमबाजीचा खेळ मात्र मला निषिद्ध वाटत नाही. कोल्हापूरकडे पाहा. एके काळी चित्ते पाळून शिकार खेळणाऱ्या दरबाराचे हे गाव. तिथली तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. स्वप्नील शिक्षकाचा मुलगा, सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला आणि तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करणारा. खर्च सार्वजनिक झाला तेव्हा हा दरबारी छंद खेड्यातल्या पोराच्या हाती आला. स्पर्धेची परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते, काडतुसांचा खर्च निराळा. घरच्या मिळकतीवर हा खेळ किती जण खेळतील? जिल्हा क्रीडासंकुलात सार्वजनिक नेमबाजी केंद्र असावे, रायफली तिथेच कुलपात राहाव्यात आणि गरीब मुलाला त्या विनामूल्य मिळाव्यात, ही मागणी आपण केली पाहिजे.

राहिला संग्रहाचा प्रश्न. 2019 च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. मूळ विधेयकात ही मर्यादा एकच होती. विरोध झाला आणि ती दोनवर आली. खेळाडूंना वेगळी सवलत आहे आणि तिला माझा आक्षेप नाही. पण वाडवडिलांच्या बंदुका हे घराण्याचे वैभव, म्हणून त्या दिवाणखान्यात राहू द्या, हा युक्तिवाद मला पटत नाही. इतिहास दिवाणखान्यात ठेवण्याची वस्तू नाही. 1863 पासून चालू असलेले आपले अजब बंगल्याचे संग्रहालय आहे, तिथे शस्त्रांचे दालनही आहे. शाळेतली मुले तिथे जातात. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची तलवार 2025 साली लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा ती राज्य सरकारने सुमारे 47 लाख रुपये देऊन परत आणली. जनतेच्या पैशाने घेतलेली ही तलवार नागपूरच्या जनतेला कायमची पाहता येईल अशी व्यवस्था व्हावी, असे पत्र आपल्या शाखेने सांस्कृतिक खात्याला पाठवावे. त्याचा मसुदा मी बरोबर आणला आहे. सभेनंतर तो वाचून दुरुस्त्या सुचवा.