यंत्राला दिलेली आज्ञा

जबलपूरचे नाव निघाले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नर्मदेचा धुवाधार प्रपात डोळ्यांपुढे उभा राहतो. या नगरीची आणखीही एक ओळख आहे. येथे १९४२ साली दूरसंचाराचे शिक्षण देणारे केंद्र सुरू झाले. भारतरत्न भीमराव आंबेडकर यांचे नाव धारण करणारी ही संस्था आज भारत संचार निगमाची प्रशिक्षणसंस्था म्हणून ओळखली जाते. तंत्रज्ञांच्या अनेक पिढ्यांनी येथे आपल्या कामाचे धडे गिरवले; आणि या काळात ते कामच मुळापासून पालटले.

स्ट्रोजर पद्धतीच्या जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तंत्रज्ञाचे काम डोळ्यांना दिसे व कानांना ऐकू येई. निवडयंत्रांचा खडखडाट चाले. एखादी जोडणी बदलायची तर जंपरची तार हाताने हलवावी लागे. चूक झालीच, तर ती तार तेथे लोंबकळत साक्ष देई. आज संगणकांच्या जाळ्यात ही जोडणी स्विच नावाची लहानशी पेटी करते. कोणता संगणक कोणत्या खिडकीशी, म्हणजे पोर्टशी, जोडलेला आहे हे ती ध्यानात ठेवते आणि गावच्या जाणत्या पोस्टमनप्रमाणे प्रत्येक टपाल नेमके त्याच दारी पोहोचवते. ईथरनेटचा असा स्विच १९९० साली अमेरिकेत प्रथम बाजारात आणणाऱ्या कंपनीचे नाव होते ‘कल्पना’. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचे हे नाव. १९९४ मध्ये ही कंपनी सिस्कोने विकत घेतली.

या पेटीशी बोलावयाचे ते टंकलिखित आज्ञांनी. सिस्कोच्या धर्तीच्या स्विचमध्ये ‘शो’ या शब्दाने आरंभ होणाऱ्या आज्ञा केवळ आहे ती स्थिती दाखवितात. बदल करायचा असेल तर ‘एनेबल’ म्हणून अधिकाराचा उंबरठा ओलांडावा लागतो आणि पुढे ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हणून आतल्या दालनात शिरावे लागते. तेथे दिलेली आज्ञा तत्क्षणी अमलात येते. ‘खरेच करू का?’ असे स्विच सहसा विचारीत नाही.

याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका रुग्णालयाच्या दोन इमारती एकाच केबलने जोडल्या आहेत. त्या केबलवरून दहा क्रमांकाच्या गटात रुग्णांच्या नोंदी आणि वीस क्रमांकाच्या गटात प्रयोगशाळेचे अहवाल जातात. या गटांना व्हीलॅन म्हणतात. आता क्ष-किरण विभागासाठी तीस क्रमांकाचा गट जोडायचा आहे. आज्ञा अशी हवी: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०’. तंत्रज्ञाच्या हातून ‘अ‍ॅड’ हा एकच शब्द राहिला, तर स्विच त्या वाक्याचा अर्थ ‘केवळ तीस’ असा घेतो. दहा आणि वीस यांची वाट त्याच क्षणी बंद होते. क्ष-किरणाची चित्रे जाऊ लागतात, पण पलीकडच्या इमारतीतील डॉक्टर रक्ताच्या अहवालाची वाट पाहत बसतात. व्याकरणाच्या दृष्टीने आज्ञा निर्दोष असल्यामुळे यंत्र तक्रारही करीत नाही. तंत्रज्ञ दुरून, त्याच केबलवरून काम करीत असेल, तर बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातल्याप्रमाणे त्याची स्वतःची वाटही तुटू शकते.

या संकटावर उपाय आहे, आणि तो स्विचच्या रचनेतच दडलेला आहे. स्विचपाशी मांडणीच्या दोन प्रती असतात. चालू प्रत पाटीवरच्या अक्षरांसारखी. वीज गेली की पुसली जाणारी. दुसरी वहीत उतरवलेली. पेटी पुन्हा सुरू झाली की तीच वाचली जाते. म्हणून सावध तंत्रज्ञ आधी ‘शो’ने चालू स्थिती पाहून तिची नक्कल जपून ठेवतो. मग ‘रिलोड इन १०’ अशी आज्ञा देतो, म्हणजे दहा मिनिटांनी पेटी आपोआप पुन्हा सुरू होईल. त्यानंतरच तो बदल करतो. वाट तुटली, तर पुन्हा सुरू झालेली पेटी वहीतील जुनी मांडणी वाचून पूर्ववत होते. पुन्हा सुरू होताना सारीच वाहतूक काही मिनिटे थांबते. म्हणून अशा कामास रात्रीची निवांत वेळ निवडावी. सर्व सुरळीत असेल, तर ठरलेले पुनरारंभन रद्द करून नवी मांडणी वहीत उतरवायची. हे शेवटचे पाऊल विसरले, तर काही महिन्यांनी वीज जाईल आणि तेव्हा सारे श्रम पाटीवरून पुसले जातील.

आज्ञांच्या या पद्धतीला जुनाट म्हणणारे पुष्कळ आहेत. चित्रांवर बोट ठेवून काम करणे सोपे, हे खरे. परंतु लिहिलेली आज्ञा आधी कागदावर मांडता येते, सहकाऱ्याला वाचून दाखवता येते, दुसऱ्या दिवशी तपासता येते. लोंबकळणारी तार जी साक्ष देई, ती आता या कागदाने द्यावयाची आहे. ‘अ‍ॅड’ राहिला आहे, हे दुसऱ्या डोळ्यांना कागदावरच दिसले, तर रुग्णालयात कोणालाही ताटकळावे लागत नाही.