आधी रीत, मग हात
(महोत्सवी सभेतील भाषण)



मुलांच्या अभ्यासवर्गासाठी महोत्सवाच्या निधीतून नवे, अधिक वेगवान संगणक घ्यावेत, अशी सूचना पांढुर्णा व सौंसर या दोन्ही ठिकाणच्या सभासदांकडून आली आहे. निधी आपल्या सर्वांच्या देणग्यांचा आहे. म्हणून तो खर्चण्यापूर्वी दोन शब्द सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

एखादा आवाज कोणकोणत्या सुरांचा बनला आहे, हे आकड्यांवरून काढण्याच्या गणितास फूरिये रूपांतर म्हणतात. १०२४ आकड्यांचे हे गणित सरळ रीतीने केल्यास १०,४८,५७६ गुणाकार पडतात. कूली व टूकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीने तेच उत्तर १० फेऱ्यांत, दर फेरीस ५१२, म्हणजे ५,१२० गुणाकारांत निघते. यंत्र तेच, पण काम दोनशेपटींनी हलके!

यानंतर हात वाढवावेत. आजच्या साध्या संगणकातही बहुधा चार किंवा अधिक कोअर असतात. परंतु प्रोग्राम एकाच धाग्याचा असेल तर एकच राबतो, बाकीचे बसून राहतात. एका फेरीतील ५१२ गुणाकार एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे ते चार धाग्यांत वाटता येतात. मात्र पुढच्या फेरीस मागचे आकडे लागतात, म्हणून फेरीअखेर सर्वांना एकमेकांसाठी थांबावे लागते.

आपल्या संत्रा-बागाईतदारांना हे नवे नाही. प्रतवारीस चौघे बसले, तरी काटा एकच असेल तर तेथे रांग लागतेच. दहांतील एक हिस्सा काम असे एकट्याचेच असेल, तर चौघांनी वेग चौपट होत नाही, अदमासे तिप्पट होतो; आणि शंभर माणसे लावली तरी तो दहापट होत नाही.

नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीच्या लहरींचे रूपांतर स्वतंत्रपणे करता येते, म्हणून ते वाटून होते. नंतर तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचा मेळ घालतात. काम कोठे तोडावे आणि कोठे जोडावे, हे ओळखण्यातच सारे कौशल्य आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच की, आहेत त्याच संगणकांवर मुलांना आधी रीत शिकवावी, मग त्यांतील रिकामे हात कामास लावावेत. एवढे करूनही यंत्र अपुरे पडले, तर नव्या यंत्रासाठी आम्हीच आपल्या दारी झोळी घेऊन येऊ.