रंग गेला, पण पाणी शुद्ध झालं का?

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक जरा कडूच झाली. गटातल्या सहा जणी सुती साड्या आणि ओढण्या रंगवतात. रंगकामाचं पाणी मागच्या ओघळीत सोडायचं, ही आमची तीन वर्षांची सवय. ओघळीखालच्या वस्तीतल्या आक्का बैठकीला आल्या, हातात काचेची बाटली घेऊन. त्यांच्या विहिरीचं पाणी होतं, फिकट जांभळं. "तुमच्या ओढणीचा रंग आमच्या हंड्यात आलाय," एवढंच म्हणाल्या. कुणाला उत्तर सुचेना. गटाची वही मी लिहिते. रंगाचा, मिठाचा खर्च मला तोंडपाठ, पण पाणी जातं कुठं ते वहीत कधी आलंच नव्हतं.

आधी घरचे उपाय केले. तुरटी फिरवली. गाळ खाली बसला, रंग काही बसला नाही. पाणी उकळलं तर ते आटून रंग आणखी गडद झाला. आणि होणारच की! ऊन, साबण, आपटणं-धोपटणं सोसावं म्हणूनच तर हे रंग बनवलेले असतात. नाल्यातल्या जिवाणूंनाही ते सहज पचत नाहीत.

मग आम्ही चौघी इचलकरंजीकडच्या एका कापड कारखान्याचं सांडपाणी केंद्र बघून आलो. तिथल्या दादांनी काचेच्या भांड्यात गडद निळं पाणी घेतलं. आधी थोडं आम्ल घालून त्याचा सामू ३ वर आणला. माती परीक्षणाच्या कागदावर असतो, तोच सामू. मग हिराकस घातलं, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड, अगदी थोडं थोडं. बघता बघता निळं पाणी पिवळट झालं. आमच्यातली एक म्हणाली, "झालं की काम!" दादा हसले. म्हणाले, "आत्ता कुठं सुरू झालंय."

हिराकस आपल्याला नवं नाही. उसावर केवडा पडला की फवारतो तेच, लोखंडाचं मीठ. पेरॉक्साइडही दवाखान्यात बघितलंय, जखमेवर ओतलं की फसफसतं ते. ही दोन एकत्र आली की लोखंड पेरॉक्साइडला फोडतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा फार तापट कण निघतो. तो डोळ्याची पापणी लवेपर्यंतही टिकत नाही, पण तेवढ्यात शेजारी सापडेल त्या रंगाचे तुकडे पाडतो. आम्ल कशाला? तर ते नसेल तर लोखंडाचा गंज होऊन तळाशी बसतो आणि काम थांबतं. हेन्री फेंटन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८९४ साली हे मांडलं. त्याचा प्रयोग टार्टारिक आम्लावर होता, म्हणजे आपल्या चिंचेला आंबट करणारं आम्ल. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

आता दादा का हसले ते सांगते. रंगाचा कण तुटला की रंग लगेच दिसेनासा होतो, पण तुकडे पाण्यातच असतात. ते तुटत तुटत शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हायला वेळ लागतो, पेरॉक्साइडही पुरेसं लागतं. खर्च वाचवायला मध्येच थांबवलं तर पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण त्यातले काही तुकडे मूळ रंगापेक्षाही विषारी असू शकतात. म्हणून ते डोळ्यांवर विसंबत नाहीत, प्रयोगशाळेत तपासतात. शेवटी चुना घालून आम्ल मारतात, तेव्हा तांबूस गाळ बसतो. तो गाळही शेतात टाकायचा नाही, घातक कचऱ्यात द्यायचा. आणि रंगकामात आपण मूठमूठ मीठ घालतो ना, ते या प्रक्रियेनं जातच नाही. ते पाणी रानात सोडलं तर जमीन खारवेल.

बायांनो, एक हात जोडून सांगणं. हे घरी करून बघू नका, आणि विहिरीत तर चुकूनही काही टाकू नका. कारखान्यातलं पेरॉक्साइड दवाखान्यातल्यापेक्षा कितीतरी कडक असतं, कातडी भाजते. हिराकस पडलं की ते तापून उतू येतं. पिण्याचं पाणी शुद्ध करायची ही रीत नव्हे.

आमच्या गटानं गडद रंग सध्या बंद केलेत. दिवाळीची ऑर्डर त्यात गेली, दोघी माझ्यावर अजून रागावल्यात. फिक्या रंगाचं पाणी प्लॅस्टिकच्या टाकीत साठवतो. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या पहिल्या धुण्याला वापरतो, त्यानं टाकी सावकाश भरते. भरलेली टाकी त्या केंद्रात न्यायची बोलणी चालू आहेत, टेम्पोचं भाडं कोण देणार यावर अडलंय. आक्कांकडे पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे रोज आमच्यातली एक जण पोचवते. त्यांच्या विहिरीचं पाणी तपासायला दिलंय. अहवाल आला की याच वेळेला वाचून दाखवीन, आमच्या विरोधात असला तरी.