कॉन्फरन्सचे दोन दिवस आणि एक चिंचेचं झाड
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत कोणीतरी थट्टेनं विचारलं होतं, "तुम्ही सरकारी लोक कॉन्फरन्सला जाता, ते कामाला की फिरायला?" सगळे हसले, आम्हीही हसलो. उत्तर राहून गेलं, ते आज देतो.

आम्ही तिघे राज्य सरकारच्या पाण्याच्या खात्यातले उपयंत्री, तिघेही डिप्लोमावाले. हैदराबादला गुरुवार-शुक्रवार अशी दोन दिवसांची कॉन्फरन्स होती. आमच्यातल्या थोरल्यांना आम्ही काका म्हणतो. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. आयुष्यभर दौरे केले, पण प्रत्येक गावात पाहिलं ते स्टेशन, विश्रामगृह आणि सभागृह. "या वेळी काहीतरी बघू या," असं तेच म्हणाले होते.

पहिल्या दिवशी जेवणानंतर आमच्यातल्या धाकट्यानं सुचवलं, "हजेरीची सही झाली आहे. मागच्या दारानं निघू आणि गोवळकोंडा बघून येऊ." आम्ही उठलोसुद्धा. काका जागचे हलले नाहीत. "भत्ता घेणार ना? मग बसा." बसलो. खरं सांगायचं तर त्यांचा रागच आला. पण त्याच सत्रात गळती शोधायची एक साधी रीत नीट समजली. मध्यरात्रीनंतर लोकांचा वापर जवळजवळ थांबतो. त्या वेळी टाकीतून किती पाणी जातं ते मोजायचं, म्हणजे गळतीचा अंदाज येतो. परत आल्यावर ती आमच्या कामी आली.

मग ठरलं, वेळ काढायचा तो झोपेतून, कामातून नाही. शुक्रवारी पहाटे सहाला आम्ही चारमिनारपाशी होतो. मुहंमद कुली कुतुबशहानं 1591 साली बांधलेली ही इमारत. वर जायचं दार उघडायला अवकाश होता, पण रस्ता मोकळा असल्यामुळे चारही बाजूंनी फिरून निवांत पाहता आली. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली, आणि नऊच्या आत आम्ही सभागृहात हजर.

दुपारी समारोप झाला, गाडी रात्रीची होती. सालारजंग म्युझियम बघायचं म्हणून रिक्षानं गेलो, तर दार बंद! म्युझियमला शुक्रवारी सुट्टी असते, हे आधी विचारायचं आम्हा तिघांनाही सुचलं नव्हतं. धाकटा म्हणाला, "बांगड्या तरी घेऊ." काका म्हणाले, "आधी पुलापलीकडे चला."

मुसी नदीचा पूल ओलांडून ते आम्हाला उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात घेऊन गेले. तिथे एक जुनं चिंचेचं झाड आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला महापूर आला, हजारो माणसं गेली. त्या दिवशी या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसं वाचली, असं सांगतात. पुरानंतर निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारे तेच. त्यांनी सांगितलं, पूर शहरात येण्याआधी वरच अडवा. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. पुढे त्यांचं पाणी शहरानं प्यायलंही.

काका बराच वेळ झाडाकडे बघत उभे होते. मग हळूच म्हणाले, "नाल्याच्या पात्रातल्या एका बांधकामाची फाईल एकदा माझ्याकडे आली होती. शेरा लिहायला हवा होता. मी नुसती सही करून पुढे सरकवली."

आम्ही काही बोललो नाही. तशी एखादी फाईल आम्हा दोघांच्याही हातून गेलेली होती.

परत आल्यावर उरलेल्या चार महिन्यांत तशीच आणखी एक फाईल आली. काकांनी तिच्यावर पानभर शेरा लिहिला. त्याचं पुढे काय होईल ते होवो. आता अशा फायलीवर आम्हीही शेरा लिहितो.

तर मंडळी, उत्तर असं: आम्ही कामाला जातो आणि फिरतोही. तासाभरात सगळं शहर बघून होत नाही. आपल्या कामाशी नातं असलेली एखादी जागा निवडावी आणि तेवढीच नीट पाहावी.

आणि एक विनंती. आपल्या इंदूरलाही असे पाहुणे येतात. रात्री त्यांना सराफ्यात जरूर न्या. पण सकाळी एक तास कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी उभं करा. छत्र्या दाखवा आणि शेजारची कान्ह नदीही दाखवा. ती दाखवताना मान खाली घालावी लागली, तर तिच्यासाठी काय करायचं ते आपणच मिळून ठरवू.

गणपती बाप्पा मोरया!